पाठ न घासलेला गरुड

हेल्मेट नाकाशी धरून, डोळे मिटून त्याचा वास घेणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी माझी जवळजवळ सगळी नोकरी तशी केली. सिंगापूरमधल्या एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर, एका बाजूला शिंपी आणि दुसऱ्या बाजूला पाय रगडून देणारे, अशा शेजारात आमचं दुकान होतं. कैसरच्या जर्मनीतल्या, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आणि त्याच्या आधीच्या काळातल्या लष्करी वस्तू तिथे येत. माथ्यावर टोक असलेली कातडी हेल्मेटं, पदकं, पट्ट्यांची बक्कलं, बिअरचे चितारलेले मग. वस्तू खरी की खोटी, कुठल्या पलटणीतली, कुणाची असू शकेल, हे शोधून सांगणं माझं काम. त्यात नाकाचा वाटा मोठा. शंभर वर्षं मुरलेल्या कातड्याला बंद कपाटासारखा कोरडा वास येतो. नकली हेल्मेटाला चहाचा येतो, कारण म्हातारं दिसावं म्हणून त्याला चहात बुडवलेलं असतं.

दुपारी गिऱ्हाईक नसे. हवेतला ओलावा शोषणारं यंत्र एका सुरात घुमत राही आणि उन्हाचा एक तुकडा काचेतून येऊन हेल्मेटांच्या रांगेवरून हळूहळू सरकत जाई. मला वाटे, ही सगळी मंडळी वामकुक्षी घेताहेत. मीही पेंगायची. पेंगताना कधीकधी हेल्मेटांखाली चेहरे दिसत. कोवळे, नुकती मिसरूड फुटलेले, उन्हाने लाल झालेले, आणि काहीतरी सांगायच्या बेतात असलेले. दचकून जाग आली की पुन्हा नुसतं कातडं आणि पितळ. या छंदात माणसं पदरचे पैसे घालून वेडी होतात. मी पगार घेऊन झाले, एवढाच फरक.

मी इथे पोचले तेही अपघातानेच. पुण्यात आमच्या लहानपणी मुलगी रिकामी बसू नये म्हणून तिला टायपिंगला घालत, नाहीतर जर्मनला. टायपिंगच्या क्लासात जागा नव्हती. पुढे लग्न झालं, नवऱ्याला जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात नोकरी लागली. तो सकाळी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जायचा आणि मी बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटमध्ये भिंती मोजत बसायची. तेव्हा कुणीतरी सांगितलं, एका चिनी गृहस्थांना जुनी जर्मन अक्षरं वाचणारं माणूस हवंय.

ते मिस्टर कोह. तरुणपणी बोटीवर इंजिनिअर होते. हॅम्बुर्गच्या बाजारात त्यांनी एक मग घेतला, त्यावर काय लिहिलंय ते कळेना, आणि ते कळावं म्हणून त्यांनी अख्खं दुकान काढलं. मी त्यांना बॉस म्हणायची, ते मला ‘मॅडम प्रोफेसर’ म्हणायचे, आणि त्यात थट्टा किती नि मान किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नातेवाइकांना हे काम समजावणं फार अवघड. “हिटलरच्या दुकानात असतेस म्हणे?” असं पुण्याच्या आत्याने भर लग्नात विचारलं होतं. मी प्रत्येकाला सांगायची, की हा त्याच्या आधीचा जमाना, आणि स्वस्तिकवाला माल बॉस दुकानाच्या पायरीलासुद्धा लागू देत नाहीत. हे खरंच होतं. मात्र एका लक्ष्मीपूजनाला मी सवयीने आमच्या गल्ल्यावर कुंकवाचं छान ठसठशीत स्वस्तिक काढलं, वर अक्षता वाहिल्या, आणि नेमकं त्याच संध्याकाळी एक जर्मन जोडपं दुकानात आलं. एकीकडे टोकदार हेल्मेटांची रांग, मधोमध लाल स्वस्तिक, आणि समोर साडी नेसून पेढा पुढे करणारी मी. त्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याजवळ होती नव्हती तेवढी जर्मन मी त्या दहा मिनिटांत खर्च केली. शेवटी त्यांनी पेढा खाल्ला, पण गल्ल्याकडे पाठ करून.

खरं-खोटं ओळखायच्या युक्त्या तशा साध्या असतात. लोखंडी क्रॉस नावाचं पदक असतं, त्याला लोहचुंबक लावायचं. आत खरंच लोखंड असलं तर चिकटतं, नाहीतर तो कुठल्यातरी गल्लीत ओतलेला असतो. मगांची गंमत वेगळी. त्या काळी सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून घरी जाणारा पोरगा आठवण म्हणून स्वतःच्या नावाचा मग करून घेई. त्याच्या तळाची चिनीमाती पातळ असते. मग रिकामा करून उजेडाकडे धरला की तळात चित्र उमटतं. बहुतेक वेळा निरोपाचं. कुंपणापाशी उभी मुलगी, तिचा हात धरून उभा शिपाई, मागे झाड. उजेड काढला की दोघंही नाहीशी. तळात बिनकपड्यांची बाई दिसली तर मात्र मग हमखास नकली. किती गिऱ्हाइकांना तीच हवी असे, हे इथे सांगत नाही.

मला त्या निरोपाच्या मुली फार आवडत. दुपारी एकेक मग खिडकीशी धरून मी त्यांना भेटून घ्यायची. मगावर पोराचं नाव असे, गाव असे. पुढच्या युद्धात तो कुठे गेला हे शोधून काढता येई. पण ते सापडलं की त्या मुलीकडे बघवत नसे.

या सगळ्या कामात मला चुटपूट लावून गेलेली आणि तरीही सगळ्यात जवळची वाटणारी वस्तू मात्र दुकानात विकायला आलेलीच नव्हती.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रीकांत सुर्वे नावाचे एक पन्नाशीचे गृहस्थ दुकानात आले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, टॅम्पिनीसला राहणारे, आता इथलेच नागरिक. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डब्यातून धुवट फडकं, आणि फडक्यातून एक पितळी गरुड. टोकदार हेल्मेटाच्या कपाळावर असा पंख पसरलेला गरुडाचा बिल्ला लावलेला असे. मी शेकड्यांनी पाहिले होते, पण असा एकही नाही. याच्या अंगावर एक पीस उरलं नव्हतं. डोळा, चोच, छातीवरची अक्षरं, सगळं गुळगुळीत, देवघरातल्या जुन्या टाकासारखं. आणि लखलखीत.

मी सवयीने नाकाशी धरला. चिंच!

“कोण घासतं हा?”

“आई. दर वर्षी, चिंच-मिठाने. त्याआधी आजी घासायची.”

बॉसनी कपाळाला हात लावला. “आयो! डेड ऑलरेडी,” ते म्हणाले. संग्राहकाच्या जगात पितळ घासण्याइतकं मोठं पाप नाही. त्यावरचा काळपटपणा हीच त्याची जन्मकुंडली.

“विकायचा नाहीये,” श्रीकांत म्हणाले. “हा ज्याच्या डोक्यावर होता त्याचं नाव हवंय. सर्वपित्रीच्या आत मिळालं तर बरं. आम्ही त्याचं पान वाढतो.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यांनीच खुलासा केला, आणि वर म्हणाले, “खरं सांगू का मॅडम, आईच्या मागे हे माझ्याच्याने होणार नाही. सख्ख्या पणजोबांनाही पुढे मी फोटोला हार घालून वाटेला लावणार. हा तर परका. नाव मिळालं की एकदाच काय ते करू आणि संपवू.”

रविवारी मी टॅम्पिनीसला त्यांच्या आईंना भेटायला गेले. सुलोचनाबाई, ऐंशी ओलांडलेल्या, मूळच्या चिपळूणकडच्या. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून त्या वाल सोलत होत्या. मलाही एक मूठ दिली.

“माझे आजेसासरे पहिल्या लढाईत फ्रान्सला गेले होते,” त्या म्हणाल्या. “लढायला नाही हो, खेचरं हाकायला. जाताना दाणागोटा न्यायचा, येताना जखमी आणायचे. परत आले ते हा गरुड फडक्यात बांधून. कुणाशी काही बोलले नाहीत. पहिल्याच सर्वपित्रीला म्हणाले, एक पान जास्त वाढा. कुणाचं म्हणून विचारलं, तर म्हणाले, गोऱ्याचं. झालं. मरताना सासऱ्यांना एवढंच बोलले, त्यानं पाणी मागितलं होतं.”

“मग दिलं का?”

“तेच तर कुणाला ठाऊक नाही.” त्यांचे हात थांबले. “मी या घरात आल्यापासून तेच मनात घोळतंय बघ. मरणाऱ्याला पाणी दिलं नाही आणि वर त्याच्या डोक्यावरचं पितळ उतरवून आणलं, असं झालं असेल तर? तसं असेल तर त्याचं नाव घेऊन एकदा त्याला पोटभर पाणी द्यायचं, माफी मागायची. बिननावाचं पाणी कुणाला पोचायचं? श्रीकांत काही पुढे करणार नाही, मला कळतंय ते. मी गेले की तो तहानलेलाच राहायचा.”

खिडकीबाहेर एक साळुंकी बसली होती. सिंगापुरात पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो. त्यामुळे या घरात पितरांचं पान खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवतात, आणि साळुंकीने बाहेरून नुसतं पाहिलं तरी पितर जेवले असं धरतात. सुलोचनाबाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली, घरचं कुणी आल्यासारखी.

मी बिल्ला दुकानात आणला आणि भिंगाखाली ठेवला. पुढची बाजू चिंचेने केव्हाच खाल्ली होती. मी तो उलटा केला. मागची बाजू गर्द तपकिरी, मऊ, अस्पर्श. शंभर वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. मी सुलोचनाबाईंना फोन केला.

“पाठ कशी घासली नाहीत?”

“पडलेल्या माणसाची पाठ ती,” त्या म्हणाल्या. “तिथे कशाला चिंच लावायची? झोंबेल.”

आता थोडं धंद्याचं सांगते. या बिल्ल्याच्या मागे पितळेच्या दोन कड्या डाखलेल्या असतात. हेल्मेटाच्या कातड्याला दोन चिरा पाडून कड्या आत घालतात आणि आतून त्यांत कातड्याच्या पाचरी ठोकतात. एकदा जरी बिल्ला बसवला तरी कड्यांवर ओरखडे येतात, आणि कातडं टेकतं तिथे पितळ हिरवं पडतं. या कड्यांवर ओरखडा नव्हता. हिरवेपणा नव्हता. मी दिवे बदलले, भिंगं बदलली, जाऊन चहा पिऊन आले. उत्तर तेच. हा बिल्ला अस्सल होता, पण कुठल्याच हेल्मेटावर कधी बसलेला नव्हता. म्हणजे कुठल्याच डोक्यावरही नव्हता. युद्ध निम्म्यावर आलं तेव्हा कातडी हेल्मेटं जाऊन पोलादी आली, आणि तयार बिल्ल्यांचे ढीग पडून राहिले. पुढे ते जिंकून घरी निघालेल्या शिपायांना आठवण म्हणून विकले जात. हाही त्यातलाच.

सापडलं याचा आनंद क्षणभर झाला, खोटं कशाला बोलू. मग मी बिल्ला पुन्हा फडक्यात गुंडाळला. म्हातारी नावाची वाट बघत होती, आणि मी तिला सांगणार होते, की तुम्ही ज्याला जेवायला वाढलंत तो इथे नाहीच.

चिन्यांचा सातवा महिना नुकताच संपला होता. त्या महिन्यात इथे भुतं मोकळी सुटतात, लोक इमारतींच्या खाली कागदी पैसे जाळतात, आणि करमणुकीचे कार्यक्रम लावून पहिली रांग त्यांच्यासाठी रिकामी ठेवतात. ज्यांचं मागे कुणी नाही त्यांच्यासाठी बॉसही दर वर्षी भात आणि संत्री मांडत. मी त्यांना विचारलं, सांगू की नको?

“टेल हर लाह,” ते म्हणाले. “राँग अ‍ॅड्रेस हाउ टु रीच?”

मी सांगितलं. सुलोचनाबाई खुर्चीवर, श्रीकांत दाराशी उभे, बिल्ला टेबलावर पालथा. कड्या दाखवल्या, सगळं समजावून दिलं. श्रीकांतना हसूच आलं. “म्हणजे कुणी नव्हताच की! पणजोबांनी बाजारातून शोभेची वस्तू आणली आणि आपण तिला शंभर वर्षं वडे खायला घालतोय. आई, सुटलीस तू.”

बिल्ल्याच्या तपकिरी पाठीवरून सुलोचनाबाईंनी एक बोट फिरवलं, हलकेच.

“श्रीकांत, बायको माहेरी गेली असली आणि पूजेला बसायचं असलं तर पुरुष काय करतो रे?”

“कमरेला सुपारी लावतो.”

“मग त्याला बायकोच नाही, असं म्हणतोस तू?”

श्रीकांत दारातून आत आले.

“सुपारी कोण मांडतो? ज्याच्याजवळ माणूस नाही तो. तुझ्या पणजोबांजवळ त्या गोऱ्याचं काही नव्हतं रे. टोपी नाही, बटण नाही, नाव नाही. काहीच घेतलं नव्हतं त्याचं. म्हणून येताना हे विकत आणलं नि त्याच्या जागी मांडलं.” आणि त्या एकदम रडायला लागल्या, लहान मुलीसारख्या, नाक पुसत. “लुटलं नाही गं त्याला. माझ्या घराने लुटलं नाही.”

मलाही आवरेना. आयुष्यभर मी वस्तूंना दोनच प्रश्न विचारत आले, खरी का आणि कुणाची. ही वस्तू खरी होती आणि कुणाचीही नव्हती, आणि तरी तिच्या मागे एक माणूस होता. चिखलात कुठेतरी, पाणी मागणारा, कदाचित माझ्या मगांमधल्या एखाद्या मुलीचा निरोप घेऊन आलेला. त्या दुपारी तो मला त्या स्वयंपाकघरात स्पष्ट दिसला. चेहरा मात्र दिसला नाही.

“पण मग नाव आता कधीच मिळायचं नाही,” सुलोचनाबाई म्हणाल्या. मी मान हलवली. बिल्ल्यावरून शोधायची वाटच बंद झाली होती. “नाही ना? मग राहूच दे. माझ्यापुरतं तरी मी घालीन पाणी.” श्रीकांत खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले होते.

सर्वपित्रीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. अळूची भाजी, भोपळा, वडे, खीर, आमसुलाची चटणी. केळीची पानं लिटल इंडियातून आणलेली. घरच्या पितरांची पानं एका ओळीत आणि जरा बाजूला आणखी एक, त्याच्याशेजारी गरुड. या वर्षी तो घासलेला नव्हता. चिपळूणचे गुरुजी टॅबलेटच्या पडद्यावर होते. श्रीकांत सोवळं नेसून पाटावर बसले होते, आणि शेजारी सुलोचनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन.

गुरुजी एकेक नाव घेत होते. आजोबा, पणजोबा, ज्यांनी खेचरं हाकली तेही. प्रत्येक नावाला सुलोचनाबाई श्रीकांतच्या ओंजळीत पाणी घालत आणि तीळ घातलेलं ते पाणी ताम्हनात पडे. गुरुजी भराभर पुढे जात होते, त्यांना आणखी घरं होती.

“आता ते शेवटचं. नाव ठाऊक नाही. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं, दरवर्षीप्रमाणे. तर म्हणा, काश्यप गोत्र...”

“थांबा गुरुजी,” श्रीकांत म्हणाले. “काश्यप नको. आमचं लावा.”

“अहो, ते तुमच्या कुळातले नव्हेत.”

“शंभर वर्षं आमच्या घरी जेवताहेत ते. अजून किती वर्षं जेवले म्हणजे होतील?”

पडद्यावर गुरुजी निश्चल झाले. मला वाटलं, नेटवर्क गेलं. सुलोचनाबाई मुलाकडे बघत होत्या, तोंड किंचित उघडं, तांब्या हवेतच.

“नाव काय घेऊ मग?” गुरुजींनी हळूच विचारलं.

“नावाच्या जागी थांबा थोडं,” श्रीकांत म्हणाले. “मी मनात ‘घ्या पाणी’ म्हणतो.”

“बरं. ओंजळ धरा.”

गुरुजींनी गोत्र उच्चारलं आणि थांबले. त्या शांततेत सुलोचनाबाईंनी तांब्या कलता केला. पाणी श्रीकांतच्या ओंजळीतून ताम्हनात पडलं, ताम्हन भरलं, पाणी फरशीवर आलं, माझ्या पायांपर्यंत पोचलं. पुसायला कुणी उठलं नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत त्या ओतत राहिल्या.